मल्लोजी अण्णांची रेस नाइट

मल्लोजी अण्णा समोरच्या माणसाच्या तोंडाकडे आधी बघायचे नाहीत. आधी पाय बघायचे. मी तेव्हा बंगळूरला नवीन होते. नोकरी एचएसआर लेआउटमध्ये, आणि आठवडाभर मराठीत बोलायला कुणी मिळेना म्हणून एका रविवारी जे. पी. नगरच्या मंडळात पहिल्यांदा गेले. दारात एक उंच, काटक म्हातारा लोकांच्या चपला ओळीत लावत उभा होता. त्याने माझ्या पावलांकडे नजर टाकली आणि म्हणाला, "उजवा पाय जपताय तुम्ही, अक्का. टाच दुखते ना? स्वल्प मऊ चप्पल घ्या." माझ्याहून तीस वर्षांनी मोठा माणूस मला अक्का म्हणतो, याचाच मला आधी राग आला. टाच खरंच दुखत होती, पण हे मी पुढचे दोन महिने त्यांच्यापाशी कबूल केलं नाही.

अण्णांचे पूर्वज तीनचारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे उतरले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, दाराबाहेर कानडी. दोन्हींच्या मधल्या उंबऱ्यावर त्यांची भाषा उभी असायची. आम्ही पुण्यामुंबईचे लोक ती ऐकून गालातल्या गालात हसायचो. त्यांना ते कळायचं. "हसा हसा," ते म्हणायचे, "तुमच्या मराठीत मराठी कुठं आहे ते तरी दाखवा. मीटिंग, अपडेट, शेड्यूल. आमच्यात निदान कानडी आहे, शेजाऱ्याची तरी भाषा." यावर आम्ही काही उत्तर दिलं असतं तरी ते इंग्रजीतच झालं असतं.

त्यांनी चाळीस वर्षं रेसकोर्सवर नोकरी केली होती. जॉकी नव्हते, घोड्यांचे मालक तर नव्हतेच. रेस सुरू होते तिथे एक लांबलचक लोखंडी गेट असतं, त्यात प्रत्येक घोड्याला एकेक अरुंद खण असतो. घोड्यांना त्या खणात नेऊन उभं करायचं, हे अण्णांचं काम. पाचशे किलोंचं बिथरलेलं जनावर, आजूबाजूला लोखंड आणि मागे लाथेच्या टप्प्यात आपण. हे काम चाळीस वर्षं करून माणूस शांत होतो किंवा वेडा होतो, असं ते स्वतःच सांगायचे. ते शांत झाले होते. कुणाच्याही पाठीमागून ते कधी आले नाहीत. नेहमी डाव्या बाजूने, समोरून दिसेल असे यायचे आणि दोन पावलांवर थांबून आधी घसा खाकरायचे. मंडळाच्या गर्दीच्या कार्यक्रमातही त्यांचा धक्का कुणाला लागला नाही.

पैज मात्र त्यांनी आयुष्यात एकदाही लावली नव्हती.

मंडळात आम्ही म्हाताऱ्या माणसांसाठी एक केंद्र चालवत होतो. ज्यांना आठवत नाही, ज्यांना घरी एकटं ठेवता येत नाही, अशी दहाबारा माणसं सोमवार ते शनिवार सकाळी दहा ते चार मंडळाच्या मागच्या दोन खोल्यांत असायची. त्यांना सांभाळायला गौरम्मा नावाची एक कानडी नर्स होती आणि घरून आणायला एक व्हॅन होती. अण्णांची बायको अंबक्का तिथे येऊ लागली, त्या दिवशी मी योगायोगाने हजर होते.

अंबक्का ठेंगणी, गोरी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. व्हॅनच्या दारात त्या थांबल्या आणि चढेनात. ड्रायव्हरने हात धरला तर ओरडल्या. मुलगा बंगळूरबाहेर होता, सून फोनवर सूचना देत होती, मी "काकू, छान आहे हो तिकडे" वगैरे लाडीगोडी लावत होते. अण्णांनी आम्हा सगळ्यांना बाजूला केलं. त्यांनी बायकोला ओढलं नाही, समजावलं नाही. तिच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि म्हणाले, "चल, एक चक्कर मारू." व्हॅनला वळसा घालून दोघं परत दाराशी आली. ती थांबली. ते काही न बोलता पुन्हा चालू लागले. असं चार वेळा झालं. पाचव्या खेपेला त्यांनी चालण्याचा वेग न बदलता पाय पायरीवर ठेवला, आणि ती बोलता बोलता त्यांच्याबरोबर आत जाऊन बसली.

"गेट उघडायला एक बटण पुरतं," ते नंतर मला म्हणाले. "आत न्यायला दम धरावा लागतो. पण तिच्यासमोर हे बोलू नका हं, अक्का. घोडा नाही, रेस नाही, काही नाही."

मला वाटलं, बायकोला घोड्यासारखं वागवलं म्हणून लाजले असतील. खरी गोष्ट मला पुढच्या वर्षी कळली, मंडळाच्या तिजोरीत खडखडाट झाला तेव्हा.

केंद्राला मदत देणाऱ्या एका कंपनीने हात आखडता घेतला. गौरम्माचा पगार आणि व्हॅन दोन्ही चालवणं अशक्य झालं. दोन महिन्यांत केंद्र बंद करावं लागेल असं दिसत होतं. तोवर मी मंडळाची चिटणीस झाले होते, म्हणजे कुणालाच नको असलेलं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. बैठकीत आमचा तरुण खजिनदार निनाद म्हणाला, "आपण हॉर्स रेस नाइट करू या. लंडनला माझ्या भावाच्या क्लबने केली होती. मोठ्या पडद्यावर जुन्या रेस दाखवायच्या, लोकांनी घोड्यांवर पैसे लावायचे, जमलेले पैसे संस्थेला. आणि आपल्याकडे तर खुद्द अण्णा आहेत!"

सगळे अण्णांकडे वळले. अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. "विचार करून सांगतो," म्हणाले आणि उठून गेले.

दोन दिवसांनी, रविवारी, मी त्यांच्या घरी गेले. जयनगरच्या एका जुन्या गल्लीत त्यांचं बैठं घर होतं. त्यांनी मला आत घेतलं नाही, फाटकाशीच उभं राहून बोलले. अंबक्काच्या वडिलांनी रेसच्या नादात राहतं घर घालवलं होतं. आई, तीन मुली, भांडीकुंडी एका सकाळी रस्त्यावर आली. पुढे अंबक्काचं लग्न ठरलं ते नेमकं रेसकोर्सवर नोकरी करणाऱ्या माणसाशी. तिने लग्नाआधी अण्णांना एकच अट घातली होती. "नोकरी करा, ती सोडा म्हणत नाही. पण रेसचा एक शब्द माझ्या कानावर पडता कामा नये."

अण्णांनी शब्द दिला आणि तो पाळला. कसा पाळला, याची कथा ऐकून मी थक्क झाले. कामाचे कपडे ते रेसकोर्सवरच बदलायचे. घरी येणाऱ्या मित्रांना फाटकावरच ताकीद असायची. वर्तमानपत्रातलं रेसचं पान ते बाहेरच काढून टाकायचे. शेजारी कित्येक वर्षं त्यांना वीज खात्यातला माणूस समजत होते. एकदा घोड्याने लाथ मारून त्यांच्या दोन बरगड्या मोडल्या. घरी येऊन म्हणाले, "कामावर लागलं." अंबक्काने काय लागलं, कशाने लागलं, काही विचारलं नाही. हळद गरम करून आणली आणि रात्रभर शेकत बसली.

"तिला सगळं ठाऊक असायचं," अण्णा म्हणाले. "पण मी बोललो नाही आणि तिनं विचारलं नाही. असा संसार झाला आमचा."

मी हळूच म्हटलं, "अण्णा, आता त्यांना ते काहीच आठवत नाही."

ते रागावले नाहीत, पण माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. "तिला आठवत नाही," ते म्हणाले. "मला आठवतं की."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. ते आत जाऊन आले. सकाळपासून त्यांनी तीनदा भरवायचा प्रयत्न केला होता, तिने तिन्ही वेळा ताट सारलं होतं. त्यांच्या हातून ती हल्ली खात नसे. हा अनोळखी माणूस आपल्याला काय चारतोय, असं तिला वाटायचं. केंद्रात गौरम्माच्या हातून मात्र दोन घास पोटात जायचे. गेल्या वर्षभरात अंबक्काचं जे काही जेवण झालं ते तिथे. रविवारी केंद्र बंद, म्हणून रविवार उपाशी. केंद्र कायमचं बंद झालं तर सगळेच वार रविवार होणार होते. हे त्यांनी मला रडून वगैरे सांगितलं नाही, बिलाची तारीख सांगावी तसं सांगितलं.

"करतो मी," ते म्हणाले. "पण पैज नको. आणि अंबाला तिथं आणायचं नाही. तेवढं बघा, अक्का."

पैज नको म्हटल्यावर निनादचं तोंड पडलं. "मग लोक येतील कशाला?" त्याचं म्हणणं. अण्णांनी स्वतःच योजना मांडली. पडद्यावरची रेस नको, ती आधीच संपलेली असते, तिच्यात जीव नाही. प्लायवूडचे सहा घोडे करायचे, जमिनीवर कापडाची पट्टी अंथरायची, तिच्यावर घरं आखायची. दोन मोठे फासे, एकावर घोड्याचा नंबर, दुसऱ्यावर किती घरं पुढे. प्रत्येक घोडा कुणीतरी दत्तक घ्यायचा, त्याचं नाव ठेवायचं आणि त्याबद्दल केंद्राला देणगी द्यायची. जिंकला तरी तेवढीच, हरला तरी तेवढीच. जिंकणाऱ्याला नारळ. "आणि नाइट कसली," ते म्हणाले, "लहान पोरं येणार, म्हातारे येणार. दुपारी चारला करा." म्हणून आमची रेस नाइट दुपारी चारला ठरली. छापलेल्या पत्रिकेतली ही चूक दाखवायला मला निदान वीस फोन आले.

पुढचा महिना अण्णा वेगळेच दिसत होते. घोडे त्यांनी स्वतः कापले, स्वतः रंगवले, तेही मंडळाच्या गच्चीवर, घरी नाही. निनादने एका घोड्याचे चारही पाय पुढेमागे ताणून हवेत काढले तर 'असा घोडा पळत नाही' म्हणत त्यांनी ते पुसायला लावले. महिला विभागाने जुन्या साड्या जोडून वीस हातांची पट्टी शिवली. घोड्यांच्या नावांवरून हाणामाऱ्या व्हायच्या बाकी राहिल्या. 'रिंग रोडची राणी', 'पुरणपोळी', 'वर्क फ्रॉम होम', 'स्वल्प अॅडजस्ट', एका बिल्डरने आपल्या नातवाचं नाव दिलं आणि एका निवृत्त प्राचार्यांनी 'व्याकरण'. 'व्याकरण' कायम शेवटी राहणार असं सगळ्यांचं मत होतं, आणि तसंच झालं.

त्या शनिवारी जयनगरमधल्या एका शाळेचं सभागृह भरून गेलं. खुर्च्या कमी पडल्या. केंद्र त्या दिवशी लवकर बंद केलं होतं, म्हणून अंबक्का घरी होती, तिच्याजवळ शेजारच्या पद्मक्का बसणार होत्या. हे मी स्वतः ठरवलं होतं, फोन करून खात्री केली होती. फक्त का आणायचं नाही, ते मी पद्मक्कांना सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट आपण कशाला सांगायची, असा पुणेरी विचार मी केला.

अण्णा माइकसमोर उभे राहिले आणि मला माहीत असलेला माणूस गायबच झाला. चाळीस वर्षं गेटजवळ उभं राहून भोंग्यातून ऐकलेलं सगळं त्यांच्या गळ्यातून बाहेर पडलं. "आणि सुटले! रिंग रोडची राणी पुढं, पाठोपाठ पुरणपोळी, वर्क फ्रॉम होम अजून उठलाच नाही बघा, बेगा बेगा, अरे स्वल्प अॅडजस्ट कर की रे अॅडजस्ट!" पदर खोचून घोडे सरकवणाऱ्या बायकांना हसू आवरेना. बिल्डर खुर्चीवर चढून नातवाच्या नावाने ओरडत होता. दोन रेस अशा झाल्या. तिसरी अर्ध्यावर आली होती, तेव्हा मागचं दार उघडलं.

पद्मक्का अंबक्काचा हात धरून आत येत होत्या. अंबक्काला त्यांनी आंबा रंगाची रेशमी साडी नेसवली होती, डोक्यात मोगरा माळला होता. त्यांचीही काही चूक नव्हती. त्यांच्या पिढीच्या बायकांना हे पटणारच नाही, की मंडळात कार्यक्रम आहे, नवरा मुख्य आहे आणि सवाष्ण घरात बसली आहे. कुणीतरी अदबीने पहिल्या ओळीतली खुर्ची रिकामी करून दिली.

अण्णा बोलायचे थांबले.

लोकांना वाटलं माइक बंद पडला. निनाद वायरी हलवू लागला. मी धावत गेले आणि अंबक्काला उठवायला लागले, पण त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "थांबला का हो तो?" त्या मोठ्याने म्हणाल्या. "पिवळ्या घोड्याचं काय झालं?"

अण्णांनी माइक खाली ठेवला. पट्टीला वळसा घालून डाव्या बाजूने आले, दोन पावलांवर थांबले, घसा खाकरला आणि तिच्यासमोर वाकले. मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं. ते म्हणाले, "अंबा, ही रेस आहे."

"असू दे की," अंबक्का म्हणाल्या. "पुढं सांगा."

अण्णा परत गेले आणि त्यांनी ती रेस पूर्ण केली. एकही घर चुकलं नाही, पण आवाजातला तो रंग गेला होता. 'पुरणपोळी' जिंकली. अंबक्कांनी सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांना ते मध्ये थांबणं मुद्दाम केलेलं वाटलं. दोघातिघांनी माझ्यापाशी त्याची तारीफसुद्धा केली.

केंद्र वर्षभर निवांत चालेल इतकी देणगी जमली. आम्ही नाचायचेच काय ते बाकी होतो. अण्णा सभागृहामागच्या नळावर हात धूत होते, कितीतरी वेळ. मी जाऊन माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली नाही, म्हणाले तुमचं काय चुकलं. मग मी मला सुचलं ते बोलले. "त्यांनीच तर पुढं सांगा म्हटलं, अण्णा. किती खूश होत्या!"

"ज्या अंबानं शब्द घेतला ती वेगळी," ते म्हणाले. "ती आज इथं नव्हती. हिला विचारून तिचा शब्द मोडायचा, हे बरोबर की काय?"

मला त्यांचा रागच आला, खरं सांगायचं तर. केंद्र वाचलं होतं, बायको जेवणार होती, आणि हा माणूस कुठल्याशा जुन्या अटीला कवटाळून बसला होता. मी मनात म्हटलं, विसरतील हळूहळू.

ते विसरले नाहीत. गौरम्माने मला काही आठवड्यांनी सांगितलं, की अण्णा रोज दुपारी केंद्रात येतात, अंबक्कांचं जेवण झालं की शेजारी बसतात आणि तेच ते सांगतात. "रोज एकच गोष्ट, मॅडम. मी शब्द मोडला, तुझ्या कानावर रेस घातली, म्हणतात. अंबक्का कधी हसते, कधी झोपून जाते. कधी म्हणते, सरी सरी, बरं बरं, पाणी द्या. दुसऱ्या दिवशी अण्णा परत हाजीर." तिला वाटत होतं की अण्णांनाही आता तोच आजार लागतोय.

मी अण्णांना गाठून विचारलं, कशाला रोज स्वतःला त्रास करून घेता? परवा तर अंबक्कांनी माफ केलं म्हणे.

"माफ करणारी कोण होती ते बघायला नको का?" ते म्हणाले. "पाणी मागत होती ती. ती माफी मी कशी घेऊ?"

यावर वाद घालणं शक्य नव्हतं. त्यांच्याबद्दलचा माझा राग तेव्हा कुठे गेला.

माझी बदली पुण्याला झाली. निघायच्या आदल्या दिवशी केंद्राच्या किल्ल्या निनादला द्यायला मी दुपारी गेले होते. फाटकातून आत शिरते तो अण्णा समोरून आले. नेहमीसारखे बाजूने नाही, चक्क माझ्या अंगावरच आले. कुडत्याच्या पुढच्या भागावर आमटी सांडली होती. डोळे लाल झाले होते. मला वाटलं, संपलं, अंबक्का गेल्या.

"काय झालं अण्णा?"

"वाटी फेकली माझ्यावर," ते म्हणाले. "सांगितलं तर उठून उभी राहिली. म्हणाली, माझ्या बापाचं घर गेलं त्यात, माझी आई रस्त्यावर बसली होती, आणि तुम्ही? तुम्ही?" बाहीने त्यांनी डोळे पुसले, आणि मग माझ्या लक्षात आलं की हा माणूस हसतो आहे. "भेटली, अक्का. खरी भेटली आज. तोंड फिरवून बसलीय, बोलत नाही माझ्याशी."

आणि ते वळले, घाईघाईने परत आत गेले, ती अजून रागावलेली आहे तोवर.